पाकीट महागले, धूर कोणत्या वाटेने जाईल?

१ फेब्रुवारी २०२६ पासून देशातील सिगारेटवरील करांची घडी बदलली. जीएसटीचा नुकसानभरपाई उपकर गेला. त्याच्या जागी ४० टक्के वस्तू व सेवा कर आणि शिवाय दर हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये केंद्रीय उत्पादन शुल्क आले. सिगारेट किती लांब आहे, तिला फिल्टर आहे की नाही, यावर शुल्काची पायरी ठरते. या दरांची अधिसूचना निघताच, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचा समभाग शेअर बाजारात जवळपास दहा टक्क्यांनी कोसळला. आरोग्य क्षेत्रातील संस्थांनी निर्णयाचे स्वागत केले, तर उद्योगाने चोरट्या आयातीची भीती बोलून दाखवली. दोन्ही प्रतिक्रिया अपेक्षितच होत्या.

या चर्चेत मागे पडला तो ज्याच्या खिशावर हा कर बसणार आहे तो माणूस. दिवसाला दहा सिगारेटी ओढणारा ग्राहक घ्या. सर्वांत कमी शुल्काची, म्हणजे आखूड आणि बिनफिल्टरची सिगारेट त्याने निवडली, तरी एकट्या उत्पादन शुल्कापोटी तो रोज साडेवीस रुपये आणि वर्षाला सुमारे साडेसात हजार रुपये सरकारजमा करणार. जीएसटी आणि सिगारेटची मूळ किंमत त्यावर वेगळी. महिन्याला ठरावीक पगार घेणाऱ्या माणसाला हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

विचार करून तो काय करील? तो सिगारेट सोडील, निदान कमी करील, ही करामागची अपेक्षा. परंतु पाकीट सोडणे आणि तंबाखू सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकीट सोडून तो सुटा तंबाखू आणि वळण्याचा कागद विकत घेऊ शकतो, बिडीकडे वळू शकतो, मळीकडे वळू शकतो, किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून पानच आणू शकतो. जगात जिथे जिथे सिगारेट एकदम महागली, तिथे ग्राहकांतला एक हिस्सा याच आडवाटांनी गेला. करवाढ यशस्वी झाली की फसली, हे बहुतांशी या वाटा किती रुंद होत्या यावरच ठरले. भारतातील नव्या कररचनेचे मोजमापही शेवटी याच कसोटीवर करावे लागेल.

अमेरिकेत नाव बदलले, तंबाखू तोच राहिला

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. मुलांच्या आरोग्यविम्यासाठी निधी उभारण्याकरिता तेथील केंद्र सरकारने १ एप्रिल २००९ पासून तंबाखूवरील कर वाढवला. वीस सिगारेटींच्या पाकिटावरील कर ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंट झाला. लोक पाकीट सोडून हाताने सिगारेट वळू लागतील, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात होते. म्हणून वळण्याच्या सुट्या तंबाखूवरील कर दर पौंडाला सुमारे १ डॉलर १० सेंटवरून थेट २४ डॉलर ७८ सेंटवर नेण्यात आला. पाकिटातली सिगारेट आणि हाताने वळलेली सिगारेट करापुरती समान झाली. इथपर्यंत विचार चोख होता.

चूक शेजारच्या रकान्यात झाली. पाइपमध्ये भरून ओढण्याच्या तंबाखूवरही तोवर तेवढाच, १ डॉलर १० सेंटचा कर होता. पाइप ओढणारे थोडे आणि बहुधा वयस्क. त्यांचा कर वाढून २ डॉलर ८३ सेंटच झाला. कायद्याच्या व्याख्येत पाइपचा तंबाखू ओळखायचा तो त्याच्या रूपावरून, प्रकारावरून, वेष्टनावरून आणि त्यावरील नावावरून. मग व्हायचे तेच झाले. कालपर्यंत सिगारेट वळण्यासाठी विकला जाणारा तंबाखू पाइपचा तंबाखू म्हणून दुकानात आला.

अमेरिकी काँग्रेसच्या लेखातपासणी संस्थेने पुढे याचा हिशेब मांडला. जानेवारी २००९ मध्ये पाइप तंबाखूची महिन्याची विक्री सुमारे २ लाख ४० हजार पौंड होती. सप्टेंबर २०११ मध्ये ती ३० लाख पौंडांच्या वर गेली. याच काळात वळण्याच्या तंबाखूची विक्री सुमारे २० लाख पौंडांवरून ३ लाख १५ हजार पौंडांवर आली. अडीच वर्षांत लाखो अमेरिकी नागरिकांना पाइपची आवड जडली, असे कोणीही म्हणणार नाही. लोक सिगारेटच ओढत होते. बदलले होते ते पिशवीवरचे नाव. या आणि अशाच इतर पळवाटांपायी ६१ कोटी ५० लाख ते ११० कोटी डॉलर महसूल बुडाल्याचा अंदाज त्या संस्थेने दिला.

याच सुमारास तिथल्या तंबाखूच्या दुकानांत मोठी यंत्रे आली. ग्राहकाने तंबाखू आणि रिकाम्या नळ्या विकत घ्यायच्या, यंत्रात घालायच्या आणि काही मिनिटांत दोनशे सिगारेटी घेऊन घरी जायचे. दुकानदार म्हणे, सिगारेट मी बनवत नाही, ग्राहक स्वतः बनवतो. अखेर जुलै २०१२ मध्ये अशी यंत्रे चालवणाऱ्या दुकानदाराला कायद्याने उत्पादक ठरवावे लागले. बनवणाऱ्यावर बंधन आले की बनवण्याचे काम ग्राहकाच्या हातात सरकते, हा या प्रकरणाचा मुख्य धडा आहे.

दोन शेजारी, दोन अनुभव

न्यूझीलंडने हा धडा लवकर गिरवला. तेथे हाताने वळलेली सिगारेट पूर्वापार लोकप्रिय. कमी उत्पन्नाच्या घरांत तर अधिकच. एप्रिल २०१० मध्ये तेथील संसदेने सर्व तंबाखूवरील कर वाढवताना सुट्या तंबाखूवर जादा वाढ केली. वजनाच्या हिशेबाने सुटा आणि पाकिटातला तंबाखू एका पातळीवर यावा, हा त्यामागचा हेतू. घरच्या वापरासाठी परसात तंबाखू लावण्याची मुभा तिथे होती आणि आहे. परंतु दरडोई वर्षाला १५ किलोची मर्यादा पुढे ५ किलोवर आणली गेली. छंद म्हणून चार झाडे लावणाऱ्याला कायदा त्रास देत नाही, पण परसातून दुकान चालणार नाही याची काळजी घेतो.

ऑस्ट्रेलिया त्याच्याही पुढे गेला. तिथे परवान्याशिवाय तंबाखू लावणे हाच गुन्हा आहे आणि गेली अनेक वर्षे असा परवाना कोणाकडे नाही. सिगारेटवरील करही जगातल्या सर्वांत जड करांमध्ये मोडतो. धूम्रपानाचे प्रमाण तिथे खूप खाली आले, हे यश मोठे आहे. मात्र उरलेल्यांसाठी बेकायदा बाजार उभा राहिला. 'चॉप-चॉप' या नावाने चोरून विकला जाणारा सुटा तंबाखू आधीपासून होताच. पुढे चोरट्या सिगारेटींचा मोठा धंदा झाला आणि २०२३ पासून मेलबर्न परिसरात टोळ्यांच्या वैरातून तंबाखूची दुकाने जाळण्याचे प्रकार सुरू झाले.

या दोन देशांकडे पाहून कर वाढवूच नये, असा निष्कर्ष उद्योगाचे प्रवक्ते काढतात. तो चुकीचा आहे. किंमत वाढली की तंबाखू घटतो, विशेषतः तरुणांमध्ये आणि गरिबांमध्ये, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसले आहे. खरा निष्कर्ष वेगळा आहे. महाग सिगारेट आणि तिच्या खालची स्वस्त पायरी यांतले अंतर जितके मोठे, तितके लोक सोडण्याऐवजी खाली उतरतात. म्हणून कर वाढवताना नजर केवळ वरच्या पायरीवर ठेवून चालत नाही.

भारताने एक दार लावले

या दृष्टीने पाहता केंद्र सरकारने एक गोष्ट बरोबर केली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा पाइप आणि सिगारेटसाठीच्या धूम्रपान-मिश्रणावरील शुल्काचा दर कायद्यात ६० टक्क्यांवरून ३२५ टक्क्यांवर नेण्यात आला. किनारपट्टीवरच्या दुकानांत पर्यटकांसाठी ठेवलेली विलायती तंबाखूची पिशवी आणि सोबतचा पातळ कागद, हा जो हाताने वळण्याचा शहरी प्रकार आहे, त्याला स्वस्त पर्याय म्हणून फारसा वाव राहू नये अशी ही तरतूद आहे. पाइप आणि सिगारेट यांचे मिश्रण एकाच नोंदीत असल्याने अमेरिकेतील नावबदलाची पळवाटही इथे सहज सापडणार नाही.

परंतु भारतात हाताने वळण्याची वाट मुळात कागदातून जात नाही, पानातून जाते. गोव्याला तर हे कोणी शिकवण्याची गरज नाही. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तंबाखू हिंदुस्थानात आला आणि गोव्यासह पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून दख्खनमध्ये पसरला. सतराव्या शतकात गोव्यातील तंबाखूचा मक्ता पोर्तुगीज राजवटीच्या उत्पन्नाची मोठी बाब होती आणि असे मक्ते घेणाऱ्यांत इथले हिंदू व्यापारी अग्रभागी होते. म्हणजे तंबाखूवर कर बसवून राज्य चालवण्याची कल्पना या भूमीला चारशे वर्षांची ओळखीची आहे.

मक्त्याच्या बाहेर राहणारा धूरही तितकाच ओळखीचा. गोव्याच्या ग्रामीण भागात 'धुमटी' नावाचा शंकूच्या आकाराचा चुटका ओढला जात असे. तंबाखू फणसाच्या किंवा सुकवलेल्या केळीच्या पानात गुंडाळायचा आणि पेटवायचा. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्यांनी तिची नोंद घेतली ती दोन कारणांनी. एक म्हणजे काही जण, विशेषतः स्त्रिया, पेटते टोक तोंडात ठेवून ती ओढत. दुसरे असे की बिडी किंवा चिरूट यांप्रमाणे धुमटी दुकानात मिळत नसे. ओढणारा ती स्वतःच वळत असे. ज्याला आज परदेशी शब्दांत 'स्वतः वळा' म्हणतात, त्याचे हे अस्सल गोमंतकीय रूप. त्यावर ना वेष्टन, ना इशारा, ना वेगळा कर.

बिडीची उघडी वाट

आज धुमटी दुर्मीळ झाली, पण तिची सख्खी बहीण बिडी देशातला सर्वाधिक ओढला जाणारा तंबाखू आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत देशातील ७.७ टक्के प्रौढ बिडी ओढणारे आढळले, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के. मळी, खैनी, गुटखा अशा बिनधुराच्या प्रकारांचे प्रमाण तर २१.४ टक्के होते. सिगारेटवरचा कर बातमीत मोठा दिसतो. देशाच्या तंबाखूत मात्र सिगारेटचा वाटा लहान आहे.

आणि नेमका याच वेळी बिडीवरील भार हलका झाला. सिगारेट ४० टक्क्यांच्या जीएसटी टप्प्यात गेली, बिडी २८ वरून १८ टक्क्यांवर आली. बिडी वळायच्या तेंदूपानांवरील जीएसटी त्याआधीच, सप्टेंबर २०२५ मध्ये, १८ वरून ५ टक्क्यांवर आणला होता. बिडीवर नुकसानभरपाई उपकर कधी नव्हताच. करबदलापूर्वी आरोग्य-अर्थतज्ज्ञ जो हिशेब देत, त्यानुसार किरकोळ किमतीत कराचा वाटा सिगारेटवर सुमारे ५३ टक्के, बिनधुराच्या तंबाखूवर सुमारे ६४ टक्के आणि बिडीवर अवघा २२ टक्के होता. हा वाटा किमान ७५ टक्के असावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. सिगारेट त्या दिशेने वर सरकत असताना बिडी खाली सरकली. दोन पायऱ्यांमधील अंतर दोन्ही बाजूंनी वाढले.

बिडीत तंबाखू थोडा, म्हणून ती कमी घातक, हा समज जुना आहे. प्रत्यक्षात तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. बिडी विझू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा आणि जोराने ओढावी लागते. २००८ साली एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात भारतातील धूम्रपान आणि मृत्यू यांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या स्त्रीचे आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे दहा वर्षांनी घटते. दिवसाला एक ते सात एवढ्याच बिड्या ओढणाऱ्यांमध्येही मृत्यूचा धोका सुमारे पाव पटीने अधिक आढळला. सिगारेटवरून बिडीवर आलेला माणूस धोक्यातून बाहेर आलेला नसतो. करातून मात्र तो बराचसा बाहेर पडलेला असतो.

'शुद्ध' पानाचा भ्रम

सिगारेट सोडून सुट्या किंवा घरच्या तंबाखूकडे वळणाऱ्यांचे कारण नेहमी पैसाच असते असे नाही. कारखान्यातल्या सिगारेटीत रसायने मिसळतात, शेतातले पान शुद्ध असते, हा विचार शिकलेल्या लोकांतही आढळतो. सेंद्रिय भाजी आणि घाण्याचे तेल यांच्याच ओळीत तंबाखूचे पान जाऊन बसते. परदेशातील पाहण्यांतही हाताने वळणाऱ्या अनेकांची हीच समजूत दिसते.

या समजुतीतला खरा भाग एवढाच की कारखानदार तंबाखूत साखर, सुगंध आणि इतर द्रव्ये मिसळतात. ते वळण्याच्या तयार तंबाखूतही मिसळलेले असतात. पान ओलसर आणि मऊ राहावे म्हणून तर अधिकच. आणि कोणतेही द्रव्य न मिसळलेले पान घेतले, तरी निकोटिन त्या पानातच असते. कर्करोगाला कारण होणारे तंबाखूचे खास नायट्रोसामाइन पान वाळताना आणि मुरताना तयार होतात. कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर जळण्यातून येतात. मग जळणारे पान कारखान्यातले असो वा परसातले. पानाच्या प्रतवारीवर, वाळवण्यावर आणि साठवण्यावर निकोटिनचे प्रमाण बदलते, ते मोजण्याचे साधन घरी नसते आणि हाताने वळलेल्या सिगारेटीला बहुधा फिल्टरही नसतो.

वळायला वेळ लागतो म्हणून माणूस कमी ओढतो, असाही युक्तिवाद केला जातो. काहींच्या बाबतीत नगांची संख्या कमी होतेही. परंतु शरीराला लागलेली निकोटिनची सवय नग मोजत नाही. संख्या घटली की ओढणारा प्रत्येक झुरका खोल घेतो, शेवटपर्यंत ओढतो. 'कमी डांबराच्या' सिगारेटींच्या काळात हेच दिसून आले होते. हातात वेळ गेल्याचे समाधान मिळते. फुप्फुसापर्यंत जाणारा ऐवज फारसा बदलत नाही.

निपाणीचा प्रश्न

बिडीला कर का लावला जात नाही, याचे उत्तर देताना सरकारे एका माणसाकडे बोट दाखवतात: बिडी कामगाराकडे. सरकारदरबारी नोंदलेले बिडी कामगार पन्नास लाखांच्या घरात आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया. हा युक्तिवाद हलक्याने उडवून लावण्यासारखा नाही. निदान घाटमाथ्यावरच्या मराठी माणसाला तरी नाही. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी आणि आसपासचा मुलूख बिडी तंबाखूचे आगर आहे. तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी प्राणाला मुकले. त्याच सुमारास निपाणीच्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावरचा 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट १९८२ चा आहे. धुळीने भरलेली ती फुप्फुसेही तंबाखूनेच आजारी केलेली होती.

म्हणूनच प्रश्न असा विचारायला हवा, की करातली सूट त्या बाईपर्यंत पोहोचते का? तिला हजार बिड्यांमागे मजुरी मिळते. जीएसटी दहा टक्क्यांनी कमी झाला म्हणून ती मजुरी आपोआप वाढत नाही. सूट मिळते ती मालकाला आणि काही अंशी ग्राहकाला. जीएसटीपूर्वीच्या काळात वर्षाला वीस लाखांपर्यंत हातबिड्या करणाऱ्याला उत्पादन शुल्क माफ होते. छोट्या कारागिराच्या नावाने ठेवलेल्या या सवलतीमुळे मोठा धंदा लहान लहान नावांनी विभागून दाखवणे सोयीचे झाले, ही टीका तेव्हापासूनची आहे. कामगाराचे हित साधायचे तर किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि दुसऱ्या कामाचे प्रशिक्षण हे सरळ मार्ग आहेत. बिडी स्वस्त ठेवणे हा मार्ग त्या कामगाराच्याच घरातल्या पुरुषाच्या छातीतून जातो. बिडीमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा २०१७ मधील आर्थिक बोजा संशोधकांनी सुमारे ८० हजार ५०० कोटी रुपये काढला होता. तो उचलणारी कुटुंबे मुख्यतः गरिबांचीच.

पानावरच कर लावावा, असाही एक विचार आहे. देशाने तो करून पाहिला आहे. ब्रिटिश अमदानीत १९४३ पासून कच्च्या तंबाखूवर उत्पादन शुल्क होते. निरीक्षक शेतकऱ्याच्या आणि पान मुरवणाऱ्याच्या कोठारापर्यंत जात, वजने लिहीत, आणि त्यातून जाच व लाचलुचपत दोन्ही वाढली. १९७९ साली अर्थमंत्री चरणसिंग यांनी ते शुल्क उठवले आणि भार तयार मालावर टाकला. तो निर्णय शेतकऱ्याच्या दृष्टीने योग्य होता. परंतु भार तयार मालावर टाकायचा, तर सगळ्या तयार मालावर सारख्याच न्यायाने टाकला पाहिजे, ही त्याची दुसरी बाजू पुरी झाली नाही. व्हर्जिनिया तंबाखू पिकवणाऱ्याला गुंटूरच्या तंबाखू मंडळाकडे नोंदणी करावी लागते. बिडी तंबाखू त्या चौकटीच्या बाहेर आहे.

गोव्यासमोरचे काम

तंबाखूच्या नियंत्रणात गोवा मागे राहिलेला नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणे यांना मनाई करणारा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. गुटख्यावर बंदी घालणाऱ्या आरंभीच्या राज्यांतही गोवा होता. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात देशात तंबाखूचे सर्वांत कमी प्रमाण गोव्यात आढळले: ९.७ टक्के. देशाची सरासरी २८.६ टक्के होती. हे राज्याचे खरे भांडवल आहे.

मात्र गुटख्याच्या बंदीने दिलेला धडा इथेही विसरता येणार नाही. देशभर बंदी आल्यावर कारखानदारांनी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत भरला. दोन पुड्या शेजारी शेजारी टांगल्या गेल्या आणि ग्राहकाने त्या तळहातावर एकत्र केल्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही या जोडपुड्यांची दखल घ्यावी लागली. अमेरिकेतल्या दुकानातले यंत्र आणि आपल्याकडच्या गाड्यावरची जोडपुडी यांत तत्त्वाचा फरक नाही. दोन्हीकडे ग्राहकालाच कारखानदार बनवले गेले.

कराचे दर ठरवणे राज्याच्या हाती नाही, पण तीन गोष्टी निश्चित आहेत. पहिली, जीएसटी परिषदेत गोव्याला आवाज आहे. बिडी आणि सिगारेट यांच्यातील दरी पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करावी, आणि त्यातून येणाऱ्या पैशातील ठरावीक भाग बिडी कामगारांच्या पुनर्वसनासाठी राखावा, ही मागणी तंबाखू न पिकवणाऱ्या आणि बिडी न बनवणाऱ्या राज्याने करणे सर्वांत सोपे आहे. दुसरी गोष्ट विक्रीची. वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापणे २०१६ पासून बंधनकारक आहे. एकेक सिगारेट किंवा सुटी बिडी घेणाऱ्याच्या हाती तो इशारा येतच नाही. कर्नाटकाने आणि २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या विक्रीवर बंदी आणली. दोन्ही शेजाऱ्यांच्या मधोमध असलेल्या गोव्यात सुट्या विक्रीचा बाजार वाढू नये, यासाठी शाळांच्या आसपासच्या गाड्यांवर आणि आठवडा बाजारात प्रत्यक्ष तपासणी हवी.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. किंमत वाढल्यानंतरचे पहिले काही महिने माणसाच्या मनात सोडण्याचा विचार जागा असतो. त्या वेळी त्याला कोणी हात दिला, तर तो सुटतो. नाही दिला, तर बिडीच्या बंडलाकडे किंवा तंबाखूच्या पानाकडे जातो. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी विनामूल्य आहे, पण तिचा क्रमांक पाकिटावरच्या इशाऱ्यात छापलेला असतो. म्हणजे ज्याने पाकीटच सोडले आणि सुट्या तंबाखूकडे वळला, त्याच्या डोळ्यांसमोरून तो क्रमांकही गेला. सत्तरी, सांगे, काणकोण येथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब तपासताना 'सिगारेट ओढता का?' एवढेच विचारून भागणार नाही. 'बिडी, मळी, हाताने वळलेले काही?' हेही विचारावे लागेल आणि उत्तर होय आले तर समुपदेशन व निकोटिनचे पर्यायी उपचार तिथेच मिळावे लागतील.

देशात तंबाखूमुळे दरवर्षी साडेतेरा लाखांच्या आसपास माणसे दगावतात. त्यांतली बहुसंख्य महागड्या पाकिटाची ग्राहक नव्हती. फेब्रुवारीच्या करवाढीने पाकिटाचे दार जड केले, हे योग्यच झाले. आता तिचे यश सिगारेटींची विक्री किती घटली यावरून मोजले, तर ते फसवे ठरेल. पुढच्या सर्वेक्षणात सिगारेट, बिडी, सुटा तंबाखू आणि मळी यांची बेरीज पाहावी लागेल. ती बेरीज उतरली, तरच लोकांनी तंबाखू सोडला असे म्हणता येईल.